दोर सोडायचा असतो

ओढू नका. ओढणं काय, बैलालाही येतं.
दोर सोडायचा असतो, मिस्टर क्वेल.
वर तीनशे किलो कांसं
तोंड आभाळाकडे करून उभं आहे.
ते येईल खाली आपल्या वेळेनं,
तुम्ही फक्त त्याच्या आड येऊ नका.

हा लोकरीचा भाग, लाल-पांढरा. इथे हात.
आईच्या तळव्यांनी झिजला, मग माझ्या.
लोकर दोनदा बदलली,
झीज पुन्हा तिथेच येते.

सहा आहेत. धाकटी इथेच ओतली,
थडग्यांमागे खड्डा खणून.
ऑल्डवेनीपर्यंत रस्ता नव्हता तेव्हा,
सगळी दलदल. ओतारी होडीतून आला.
त्याला अक्षरओळख नव्हती,
म्हणून तिच्या कमरेवर देवाचं नाव
आरशात वाचावं तसं उलटं उमटलंय.
देवाला चाललं. पाद्रीबुवांना नाही.
सांगतात, रस उकळत असताना
डॅकांच्या सुनेनं त्यात चांदीचा चमचा टाकला,
आवाज गोड यावा म्हणून.
मागे शहरातून एक जण आला, कानशीनं खरवडून गेला :
तांबं, कथील. चांदी नाही.
डॅकांच्या डब्यात मात्र आजही अकराच चमचे.

चौथीला तडा आहे.
कुठल्याशा विजयाच्या रात्री बिअर पिऊन वाजवली.
विजय कुठला ते कुणालाच आठवत नाही.

थोरली मेलेल्यांची.
पुरुषाला तीनदा तीन, बाईला तीनदा दोन,
मग जरा थांबून वयाचे ठोके.
बीटाच्या शेतात कुदळी थांबायच्या, ओठ हलायचे.
आजी सांगायची,
एकदा घंटा सदतीसला थांबली.
गावात सदतीसचे पुरुष दोन.
एक तिच्या शेजारच्या सरीत उभा होता, तोही मोजत.
सगळ्यांत आधी टोपी त्यानंच काढली.

युद्धात जवळजवळ तीन वर्षं गप्प.
शत्रू छत्रीला लटकून उतरला
तरच वाजवायची, असा हुकूम.
तो उतरला नाही. कावळे उतरले,
गाडाभर काटक्या भरल्या त्यांनी वर.
बंदी उठली त्या रविवारी
दोर सहा, पुरुष तीन,
त्यांतला एबेल थर्कल एका हाताचा.
भिंतीवरची पाटी वाचा :
टोपी घालून वाजवील त्यास दोन पेनी दंड,
शिवी देईल त्यास चार.
बायकांचं काहीच नाही,
लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.
आईनं आपली टोपी काढून बाकावर ठेवली
आणि पाचवीचा दोर धरला.
चार पेनी मात्र तिनं पुढे बऱ्याचदा भरले.

आणि हे तुमचं पत्र. हो, ठेवलंय,
याच खणात, जुन्या पावत्यांबरोबर.
'रविवारी सकाळी असह्य गोंगाट,
त्यातही तिसरी घंटा दर वेळी उशिरा.'
खरं आहे. तिसरीवर बेकरीचा मुलगा होता, नवशिका.
आम्ही सगळ्यांनी मोठ्यानं वाचलं ते, दोनदा.
इतकं नीट आम्हांला
चाळीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

फेब्रुवारीत, मिसेस क्वेलसाठी,
आम्ही लोलकांना एका अंगानं कातडं बांधलं :
एक ठोका पुरता, पुढचा त्याची सावली.
तुम्ही बाहेर भिंतीला टेकून होतात, छत्री मिटलेली,
आणि पाऊस चालू.
मी खिडकीतून पाहिलं.
ते आज बोलायचं नाही.

बेकरीचा मुलगा लीड्सला गेला.
तिसरी रिकामी आहे.

आता. वर बघू नका, दोराकडेही नको,
समोर बघा, माझ्याकडे.
गुडघे सैल. श्वास घ्या, माणसा, श्वास.
वर खडखड होईल, ते कावळे.
शेपटाचं टोक माझ्या हातात आहे.
हं.
सोडा.